खटक्याआधीचे नऊ सेकंद

१

“वायर सोडा, ताजुबाई.”

“नाही सोडत.”

“घर माझं हाय, खोली माझी हाय, अन् बोलतीया ती माझी बायकू हाय. तुमचा संबंध काय?”

“तुमच्या बायकोशी काही नाही. तुमच्याशी आहे. चौदा वर्षं तुमची मशिनं सांभाळली, आता मालकालाही सांभाळायची वेळ आलेली दिसतेय.”

“मशिनसाठी बोलावलंय तुमास्नी. तेवढंच करा.”

“मग करू द्या की! हे मशीन बंद करायच्या लायकीचं आहे, असं मशीनवालीच सांगतेय तुम्हाला.”

मी स्ट्रीमर नावाच्या काळ्या डब्याच्या मागे गालिच्यावर बसले होते आणि त्याची वायर माझ्या मुठीत होती. दादासाहेब समोरच्या खुर्चीत होते. त्यांची सून तनुजा दाराला पाठ लावून उभी होती, ओढणीचं टोक दातांत धरून. बाहेर दुपारचे साडेतीन वाजले होते आणि लख्ख ऊन पडलं होतं.

दादासाहेब चिडले होते. पण चिडलेल्या माणसाचा आवाज मोठा होतो, त्यांचा होत नव्हता. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा बारीक येत होता. महिन्यापूर्वी हाच माणूस अंगणातून हाक मारायचा तर पलीकडच्या गोदामाचा वॉचमन बिडी टाकून उभा राहायचा.

हे सगळं मी तोंडानेच सांगितलं असतं. मला बोलायला आवडतं, आणि माझं बोलणं सगळ्यांना सोसत नाही हेही माहीत आहे. पण त्या दुपारपासून लिहूनच सांगणं भाग आहे. तेव्हा पहिल्यापासून नीट सांगते.

२

मी ताजुन्निसा. वय एकाहत्तर. सहावी पास, सातवीत लग्न. भोसरीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळल्या आणि संध्याकाळी घरी जळके रेडिओ उघडून त्यांतल्या काचेच्या वॉल्व्हचं काम शिकले. कोणी शिकवलं विचारलं, तर शॉक बसून शिकले म्हणून सांगते. आज ज्यांच्या स्पीकरच्या वायरी धामणीएवढ्या जाड असतात असले शौकीन लोक चिंचवड स्टेशनच्या माझ्या दोन खोल्यांत चपला काढून येतात. माझ्या हातच्या ॲम्प्लिफायरमधून गुणगुण ऐकू येत नाही. येत असेल तर तो माझ्या हातचा नाही.

दादासाहेब कुरुळीचे. शेत गोदामांना गेलं आणि हातात दिवसभर नुसता वेळ उरला. त्या वेळेचं त्यांनी गाणं केलं. तळमजल्यावर भिंतींना गाद्या लावून खोली बांधली, माझ्या उंचीचे स्पीकर आणले, ॲम्प्लिफायर माझ्याकडून करून घेतला. जुनं स्पूल टेपचं मशीन त्यांच्याकडे आधीपासून होतं. सुनेने त्यात स्ट्रीमरची भर घातली. म्हणजे फोनवर बोट फिरवलं की जगातलं कुठलंही गाणं आणून देणारा काळा डबा.

एक गुरुवार सोडून एक गुरुवार मी भोसरीला बस बदलून तिकडे जायची. गुरुवारच, कारण त्या दिवशी आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांना सुट्टी. प्रेस बंद, वेल्डिंग बंद, विजेची लाइन स्वच्छ. इतर दिवशी बारीक कान देऊन बसलात तर अर्ध्या चाकणचं वेल्डिंग स्पीकरमधून ऐकू येतं. ज्याला खरंच ऐकायचंय त्याने गुरुवारी ऐकावं.

मी टेपची हेडं स्पिरिटने पुसायची. मग आमचा खेळ सुरू व्हायचा. एकच गाणं टेपवर आणि स्ट्रीमरवर एकदम लावायचं, काट्याच्या मीटरवर दोन्हींची पातळी सारखी करायची आणि तनुजाने गुपचूप स्विच इकडून तिकडे टाकायचा. दादासाहेब डोळे मिटून ओळखायचे.

“ही टेप!”

“स्ट्रीमिंग आहे, दादा.”

“कायतरी गडबड केलीस तू.”

“गडबड तुमच्या कानांत आहे,” मी म्हणायची. “मळ काढा.”

मी टेपची भक्त नाही, हे इथेच सांगून ठेवते. स्ट्रीमरचा खर्ज घट्ट येतो, तबल्याची थाप जिथल्या तिथे बसते, खरखर शून्य. टेपचा आवाज थोडा मऊ, कडेला झिजलेला, आणि मागे कायम सूं चालू. पण टेपला शेवट असतो. गाणं संपतं, पट्टी सुटते, रिकामं चाक फडफड करत फिरतं आणि माणूस उठून चहा टाकायला जातो. त्या डब्याला शेवटच नाही. एक संपलं की तो आपलं आपण पुढचं लावतो. हा फरक मला तेव्हा सोयीचा वाटायचा, इतकंच.

३

सोजराबाईंना, दादासाहेबांच्या पत्नीला, जाऊन दोन वर्षं झाली होती. थांबण्यात त्या बाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवरा ग्रामपंचायतीतून कितीही उशिरा येवो, ताटं वाढून उंबऱ्याशी बसायच्या. हाका मारायच्या नाहीत, निरोप धाडायच्या नाहीत. नुसत्या बसून राहायच्या.

त्यांच्या आवाजाची एकच टेप होती. सत्त्याऐंशीच्या दिवाळीतली. दादासाहेबांनी नवीन मशीन थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं होतं. सोजराबाई माहेरचं एक गाणं म्हणतात, मागे स्टो फरफरतो. गाणं संपल्यावर त्या विचारतात, “अहो, ऐकताय ना?” पुढे नऊ सेकंद काही नाही. मग खट्. दादासाहेबांनी बटण दाबलं तो आवाज.

“उत्तर का नाही दिलंत?” मी एकदा विचारलं होतं.

ते मशीनवरची धूळ पुसायला लागले. “माझा आवाज टेपवर गेला तर तिचं गाणं खराब हुईल, असं वाटलं मला. म्हणून नुसती मुंडी हलवली. तिनं बघितली का न्हाई, देव जाणे. ती तवा स्टोकडं वळली होती.”

पट्टीवरचा लेप सुटायला लागला होता, म्हणून या वर्षी कॉपी करायचं ठरलं. तनुजा माणच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. हुशार पोर. तिने कॉम्प्युटरवर टेप उतरवली, मागची सूं धुऊन काढली आणि ती कॉपी डब्यात घातली.

“काय सांगितलंस कॉम्प्युटरला?” मी विचारलं.

“जिथे आवाज नाही तिथे काहीच ठेवू नकोस, असं सांगितलं, मावशी.”

मी मान डोलावली. काम स्वच्छ झालं होतं. पहिल्या गुरुवारी दोन्ही एकदम लावून ऐकलं. गाणं, स्टो, प्रश्न, नऊ सेकंद, खट्. बरोबर जुळलं. फक्त टेपवरचे नऊ सेकंद सूंने भरलेले होते आणि डब्यातल्या नऊ सेकंदांत काहीच नव्हतं. विहिरीत खडा टाकावा आणि तळाचा आवाजच येऊ नये, तसं.

कॉपी नवी होती, त्यामुळे त्या महिन्यात मी दर गुरुवारी जात राहिले.

४

दुसऱ्या गुरुवारी टेप खट् झाली. डबा झाला नाही. मी तनुजाकडे बघितलं तेवढ्यात त्याचंही खट् वाजलं.

“दोन सेकंद मागे,” मी म्हटलं.

“नेट स्लो असेल.”

“गाण्यात तर मागे नव्हता. प्रश्नापर्यंत बरोबरीने आला.”

तिने फोन पुढे केला. फाइलची लांबी चार मिनिटं बारा सेकंद, होती तेवढीच.

तिसऱ्या गुरुवारी मी कारखान्यातलं माझं स्टॉपवॉच घेऊन गेले. चावीचं, टिकटिक करणारं. टेप लावलीच नाही, नुसता डबा लावला. “अहो, ऐकताय ना?” झालं आणि मी बटण दाबलं. नऊ. बारा. पंधरा. मीटरचा काटा खाली पडून राहायला हवा होता. तो पडला नव्हता. जरासा उचलायचा, जरासा बसायचा. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा.

खोलीत माझ्या घड्याळाची टिकटिक सोडून आवाज नव्हता. ती टिकटिक मला दोन ठिकाणांहून ऐकू येतेय, हे सोळाव्या सेकंदाला लक्षात आलं. एक हातातून, एक समोरून. गादीच्या भिंतीवरून आवाज उलटत नाही, मी स्वतः तपासलेली खोली आहे. घड्याळ थांबवलं. हातातली टिकटिक थांबली.

स्पीकरमधली आणखी दोनदा वाजली. मग खट्.

मी घड्याळ पदरात गुंडाळलं आणि हातरुमालाने चष्मा पुसत बसले. माझ्याकडे कारणांची कमी नव्हती. कान एकाहत्तर वर्षांचे. ॲम्प्लिफायरचा वॉल्व्ह तापला की मायक्रोफोनसारखा वागतो, ठोकला तर स्पीकर बोलतो. हे खरं आहे, मी शेकडो वेळा बघितलंय. सगळे वॉल्व्ह काढून दुसरे लावले, पेन्सिलीने एकेक ठोकून बघितला. एकही बोलला नाही.

“काय निघालं?” दादासाहेबांनी विचारलं.

“काही नाही.”

“मला ठाव हाय काय हाय ते,” ते म्हणाले. इतके खूश मी त्यांना दोन वर्षांत बघितले नव्हते. “ती थांबलीया.”

५

चौथ्या गुरुवारी ते अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून खुर्चीत बसले होते. मला वाटलं कुठे लग्नाला जायचंय.

गाणं झालं. स्टो झाला. “अहो, ऐकताय ना?” आणि ती शांतता.

तीसपर्यंत मी मोजलं. मग दादासाहेब पुढे झुकले आणि त्यांनी ओ द्यायला तोंड उघडलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. ओठ गोल झाले, गळ्याची शीर फुगली, पोट आत गेलं. आवाज आला नाही. त्यांच्याकडून आला नाही. समोरून आला, डाव्या स्पीकरच्या थोडा आतून, जड, मोकळा, अंगणातून मारलेल्या हाकेसारखा. “ओ”ची नुसती सुरुवात. मग खट्.

तेव्हापासून त्यांचा आवाज असा. खर्ज गेला. माझ्या धंद्यात कोणी असा आवाज आणून ऐकवला असता, तर मी खालचा स्पीकर फाटलाय म्हटलं असतं. चाकणच्या डॉक्टरने घशात नळी घालून बघितलं. म्हणाला, सगळं ठीक आहे.

रविवारी तनुजाचा फोन आला. कुजबुजत बोलत होती.

“मावशी, आता फाइलमध्ये त्यांचा आवाज आहे. प्रश्नानंतर. तेवढाच अर्धा.”

“फाइल काढून टाक.”

“टाकली. दोनदा टाकली. यादीत परत येते. दादांनी घातली म्हणावं तर त्यांना रिमोटचं बटण धड सापडत नाही.” तिने आवाज आणखी खाली आणला. “काल त्यांनी मला कपाटाच्या किल्ल्या दिल्या. म्हणाले, अर्धी ओ दिलीया, उरलेली गुरुवारी देतो. जेवण कमी केलंय, मावशी. ऐकायलाही कमी येतंय. समोर असतात, पण हाक मारली की लांबून आल्यासारखे येतात.”

“असली टेप आहे ना जागेवर?”

“आहे. तिच्यात नऊच सेकंद आहेत.”

टेपमध्ये नऊच राहणार. जे झालं ते त्या पट्टीवर होऊन गेलंय. मला भीती होती ती त्या धुतलेल्या जागेची. तिथे काय आहे, मला माहीत नाही. त्या सोजराबाईच आहेत की आणखी काही, तेही माहीत नाही. मी कॉइल गुंडाळणारी बाई, अंदाजाने वेढे मोजत नाही. पण एवढं दिसत होतं, की अर्ध्या ओवर माणूस अर्धा गेलाय, आणि पुरी दिली तर खुर्चीत काय उरेल ते बघायला त्या पोरीला एकटीला दारात उभं राहावं लागेल.

६

माझे यजमान शौकत चिंचवडच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. त्या काळी सुट्टीच्या दिवशी माणूस कमी पडला, की फोरमन चाळीत निरोप्या पाठवायचा. त्याची सायकल गल्लीत वळली की सगळ्या बायका दारात यायच्या आणि एकच सांगायच्या, “ते घरात नाहीत.” नवरा पलंगाखाली, आणि ही दारात, कमरेवर हात. निरोप्यालाही कळायचं. पण बाईने दारात उभं राहून सांगितलं, की तो पुढच्या दाराला जायचा. तशी रीतच होती.

मी कधी सांगितलं नाही. मी खोटं बोलत नाही, याचा मला फार ताठा होता. शेजारणी हसायच्या.

“ताजू, तीन शब्द आहेत गं, जीभ झडते का?”

“तुमची झडली नाही अजून, हेच नवल आहे.”

एका गुरुवारी निरोप्या आला. शौकत दोन पाळ्या लागोपाठ करून झोपले होते. त्याने विचारलं, “शौकतभाई हैं क्या?” मी म्हटलं, “आहेत.” आतून पलंग करकरला. शौकत माझ्यावर रागावलेही नाहीत. डोळे चोळत बूट घातले, चहा नको म्हणाले, आणि गेले. झोपेतला हात प्रेसखाली राहिला आणि नंतर माणूसही राहिला नाही. सत्तावीस वर्षं झाली. अजून कोणी दारात येऊन कोणाला विचारलं, की मला आधी पलंगाची ती करकर ऐकू येते.

हे मी कोणाजवळ बोलले नव्हते. आता लिहून टाकलं.

७

तर पाचवा गुरुवार. मी वायर धरून बसलेली, दादासाहेब खुर्चीत.

सुरुवातीला जे भांडण सांगितलं ते कधी चाललं होतं, हे सांगायचं राहिलं. गाणं संपलं होतं. सोजराबाईंनी विचारून झालं होतं. दादासाहेबांची अर्धी ओ वाजून गेली होती. खट् झालं नव्हतं. आमची सगळी वादावादी त्या शांततेत चालू होती, पाच-सहा मिनिटं, आणि मीटरचा काटा आम्ही बोलताना खाली पडून राहायचा, गप्प झालो की उचलायचा. ऐकणाऱ्या माणसासारखा.

“दादा, ऐका ना मावशींचं,” तनुजा म्हणाली. “माझ्यासाठी.”

“तू गप बस. पस्तीस वर्सं मी तिला उत्तर दिलं न्हाई. एक शब्द मागितला तिनं. गाणं खराब हुईल म्हनं! काय करायचं व्हतं मला गाणं?” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “ताजुबाई, तुमी बाईमाणूस. तुमास्नी तरी कळाय पायजे.”

“कळतंय. म्हणूनच नाही म्हणतेय.”

“मी ओ देनारच.”

“मी वायर काढणारच.”

आणि काढली. मी धमक्या देत नाही.

काळ्या डब्यावरचा दिवा विझला. आम्ही तिघेही त्या डब्याकडे बघत होतो. माझ्या ॲम्प्लिफायरचे वॉल्व्ह मागे तांबडे जळत होते, त्यांना आता कुठून काही येत नव्हतं. टेपच्या मशीनवर कापड झाकलेलं होतं.

मीटरचा काटा उचलला. बसला. उचलला.

मग स्पीकरमध्ये बांगड्या वाजल्या. स्वयंपाक सोडून, हात पदराला पुसत कोणी वळावं, तशा. टेपवर त्या स्टोकडे तोंड करून होत्या, आवाज कायम थोडा पाठमोरा यायचा. आता तो समोरून आला. इतका जवळून, की तनुजाने चेहरा मागे घेतला.

“अहो.”

टेपवर त्या एकदाच विचारतात. हे दुसऱ्यांदा होतं.

दादासाहेब उठले. त्यांचे ओठ गोल झाले, गळ्याची शीर फुगली. समोर दोन स्पीकरच्या मधल्या जागेत मला काहीतरी दिसलं, ते मी सांगणार नाही. उंबरा होता, एवढंच सांगते. त्या खोलीला उंबरा नाही.

चौदा वर्षांत मी त्या माणसाच्या हाताला हात लावला नव्हता. गालिच्यावरून उठले आणि त्यांच्या तोंडावर तळवा दाबला, गच्च. त्यांचा श्वास माझ्या बोटांतून निघत होता. ते माझं मनगट ओढत होते, पण एकाहत्तर वर्षांचं असलं तरी ते कॉइल गुंडाळणारं मनगट आहे. त्यांना पाठीशी घातलं, स्पीकरकडे तोंड केलं, दुसरा हात कमरेवर ठेवला आणि माझ्या खणखणीत आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं, सांगितलं:

“सोजराबाई, ते घरात नाहीत, काय असेल ते मला सांगा.”